सरासरीचा दोरा

॥ श्री ॥

सावेडी, नगर
दि. ४ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. शोभा हीस,
शामकांतचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू दिवाळीला म्हणून पारनेरला गेलीस, ती दिवाळी सरली, कंदील उतरवून माळ्यावर टाकला, तरी तुझं चार ओळींचं कार्ड नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. ती. बाबांचा दमा कसा आहे? थंडी पडायला लागली आहे, त्यांना पहाटे अंगणात जाऊ देऊ नकोस.

इकडे सर्व क्षेम. पाडव्याला औक्षण करायला कोणी नव्हतं, तेव्हा मी अभ्यंगस्नान उरकून सरळ कामावर गेलो. कारखान्याला कुलूप होतं. पाडव्याला कारखाना बंद असतो हे सांगायलाही घरात कोणी नव्हतं! शेजारच्या रतनबाईंनी ताटभर फराळ आणून दिला आणि विचारलं, "वैनी कवा यायच्या?" मी म्हटलं, येतील चार दिवसांत. ते चार दिवस होऊन गेले. आता त्या विचारत नाहीत, नुसतं बघतात. ते जास्त वाईट.

तुझं विरजण मी जिवंत ठेवलं आहे. दही आंबट होतं, तार सुटते, पण जिवंत आहे. आप्पासाहेब परवा हसत सांगत होते की आपल्या दोऱ्याचा पहिला घाणा याच विरजणावर उभा राहिला. तुला आठवतं ना, त्यांना मी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते काय म्हणाले होते? "आवं शामकांतराव, दही हाय ते! दह्याचा कुटं दोरा हुतो व्हय?"

तुझ्या मागच्या पत्रात, म्हणजे उन्हाळ्यातल्या, तू लिहिलं होतंस की बाबा विचारतात, जावई नेमकं करतात काय. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता सांग त्यांना. आमच्या आप्पासाहेबांचा कारखाना पट्ट्या, कापूस, मलमं करतो. पोटाच्या आतले टाके घालायला डॉक्टर जो दोरा वापरतात तो मेंढीच्या आतड्याचा असतो. माळकरी माणसाच्या पोटात मेंढीचं आतडं शिवायचं, हे आप्पासाहेबांना कधीच पटलं नाही. विलायतेत आता असा कृत्रिम दोरा निघाला आहे की जखम भरेपर्यंत धरून ठेवतो आणि मग अंगातच विरून जातो, काढावा लागत नाही. तो इथे करायचा, ही माझी नोकरी. दही ज्या आम्लामुळे आंबट होतं तेच आम्ल उसाची मळी विरजणाने आंबवून त्यातून काढायचं, त्याचे कण एकापुढे एक जोडून लांबलचक साखळ्या करायच्या आणि वितळवून त्याचा दोरा ओढायचा. अंगातलं पाणी त्या साखळ्या हळूहळू तोडतं. सगळी करामत त्या 'हळूहळू'त आहे. लवकर तुटला तर जखम उसवते, उशिरा तुटला तर दोरा आत सलत राहतो.

आमचा दह्याच्या आम्लाचा दोरा फार चिवट निघाला, महिनोन्महिने विरेना. दुसरं एक आम्ल आहे, ग्लायकोलिक म्हणतात, त्याचा दोरा लवकर विरतो. म्हणून मी दोन्ही अर्धी अर्धी मिसळली. संथ आणि घाईचा यांचा संसार लावला तर चाल मध्यम होईल, असा हिशेब. बाबा गणिताचे मास्तर, त्यांना हे पटेल.

कर्जतला जाऊन आलो. मालनबाईंच्या गाईचं काय झालं ते तुला ठाऊक आहेच. यज्ञेश्वरने ऑपरेशन उत्तम केलं होतं, तारेचा तुकडा पोटातून काढला होता, पण आठवडाभराने आमच्या दोऱ्याचे आतले टाके सुटले आणि गाय गेली. आमचा यज्ञेश्वर शाळेपासून बेडकावरसुद्धा सुरी चालवताना घाम गाळणारा. आता जनावरांचा डॉक्टर झाला तरी मन तसंच आहे, फार लावून घेतलं त्याने. मालनबाईंनी चहा दिला. इकडचं तिकडचं बोललो. लोक चांगले आहेत.

कामाचं म्हणशील तर थांबलेलं नाही. घरी आणलेली दोऱ्याची ती एक नळी खराब झाली, बाकीच्या कारखान्यात मेणाने बंद आहेत, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. नगरच्या एका सर्जननी त्यातल्या दोन मागवून घेतल्या. माणसावर पहिल्यांदाच वापरणार. आप्पासाहेबांची छाती फुगली आहे. मी बाकीच्या नळ्यांतला थोडा दोरा अंगाइतक्या कोमट मिठाच्या पाण्यात टाकून बरणी कपाटात ठेवली आहे. सहज आपली. अजून उघडून पाहिलेली नाही.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी जे बोललो ते थट्टेत होतं. तू ते इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. आणि खंडेनवमीला नळीवर पाणी पडलं होतं हे काही खोटं नाही. पण जाऊ दे. झालं ते झालं.

हे पत्र तुझ्यापुरतंच ठेव. बाबांना माझा साष्टांग नमस्कार आणि वर लिहिलेलं दोऱ्याचं तेवढं सांग. कधी येतेस ते कळव, एस.टी. स्टँडवर येईन.

शामकांत


सावेडी
दि. १३ नोव्हेंबर

चि. सौ. शोभा हीस, अ. उ. आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे. बाबांचं कार्ड आलं. त्यांनी एकच ओळ लिहिली आहे: "शोभेविषयी कर्जतकडून काही बोलले जात आहे; आपण जाणते आहात, खरे काय ते आपणच सांगावे." त्यांचं अक्षर अजून फळ्यावर लिहावं तसं आहे. मी ते कार्ड उलटं करून ठेवलं, पुन्हा सुलटं केलं.

आज बरणी उघडली. चिमट्याने दोरा उचलायला गेलो तर तो शेवयांसारखा तुटला.

नगरच्या सर्जनकडे उद्या चांगुणा नावाच्या बाईचं ऑपरेशन आहे. मी आत्ताच निघतो आहे. बाकीचं नंतर.

शामकांत


सावेडी, नगर
दि. २५ नोव्हेंबर १९७३

शोभा,

नेहमीप्रमाणे आशीर्वाद लिहायला घेतले आणि पेन थांबलं. लग्न झाल्यापासून मी तुला पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद देत आलो, कारण नवऱ्याने बायकोला ते द्यायचे असतात अशी रीत. आज ते लिहायची माझी लायकी नाही. नुसतं शोभा लिहिलं आहे.

आधी चांगुणाचं सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. मी पोचलो तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर सासूजवळ बसली होती. सर्जनना म्हणालो, दोन्ही नळ्या परत द्या. ते म्हणाले, "का? त्या तर सीलबंद आहेत. तुमच्या घरची नळी ओली झाली म्हणून गाय गेली ना?" मी म्हणालो, नाही. सीलबंद दोराही कोमट पाण्यात तसाच तुटला, खोट माझ्या दोऱ्यात आहे. त्यांनी नळ्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "मग हे तुम्ही आज सांगताय?" मी नळ्या उचलून खिशात घातल्या. बाहेर आलो तर चांगुणाची सासू म्हणाली, "व्हय वो, त्यो नवा दोरा न्हाई का घालनार? आमाला म्हनलं हुतं लई भारी हाय." तिला वाटलं, गरीब म्हणून तिच्या सुनेला जुना दोरा देताहेत. मी तिला समजावत बसलो नाही. चांगुणा बरी आहे. तिला मेंढीच्या आतड्याचेच टाके घातले आणि ते धरले आहेत.

आता खरं काय झालं ते लिहितो. मागच्या पत्रात हे सगळं वळसे घेऊन गेलो होतो.

मी दोन आम्लं मिसळली हे खरं. मिसळलेला दोरा पाण्यात किती टिकतो हे मोजलं नव्हतं. एकाचं मोजलं होतं, दुसऱ्याचं मोजलं होतं आणि दोन्हींची सरासरी काढून कागदावर लिहून टाकली. आप्पासाहेबांना दसऱ्याच्या आत दोरा हवा होता, मलाही शाबासकी हवी होती. यज्ञेश्वरने विचारलं, चाचणी झाली ना? मी म्हणालो, झाली. आता कळतं की मिसळलेला दोरा मध्यम चालत नाही, तो दोघांपेक्षाही वेगाने तुटतो. एकाच मापाच्या विटांची भिंत घट्ट बसते. दोन मापांच्या विटा कशाही रचल्या की फटी राहतात आणि पाणी आत शिरतं. साखळ्यांचंही तसंच झालं असावं. हे आधी कळणं अवघड होतं असं म्हणून मी सुटू शकतो. मोजलं असतं तर कळलं असतं, म्हणून सुटू शकत नाही.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी नळी घरी कोणी आणली? मी आणली. विळी, कात्री, माझी फूटपट्टी, तुझी शिवणाची सुई असं सगळं पाटावर मांडलं होतंस. मी खिशातून नळी काढून मध्ये ठेवली आणि म्हणालो, आमचं शस्त्र हे, यालाही फूल वाहा. तू विचारलंस, "अहो, यावर पाणी शिंपडलं तर चालेल ना?" मी काय म्हणालो, आठवतं? खुशाल शिंपड, मेणाने बंद आहे, आत वाफसुद्धा जायची नाही. तू तरी दोन थेंबच उडवलेस, आणि पदराने पुसून घेतलेस. तीच नळी पुढे यज्ञेश्वरने त्या गाईसाठी नेली.

तुला हे सगळं आठवत होतं. यज्ञेश्वर गाईची बातमी घेऊन आला, आप्पासाहेब बसले होते, तू चहाचा ट्रे घेऊन दारात आलीस. आप्पासाहेबांनी विचारलं, "आसं कसं झालं वो?" आणि मी हसत म्हणालो, दोरा चांगलाच होता, पण आमच्या मंडळींनी त्याला खंडेनवमीला आंघोळ घातली! सगळे हसले. तू तेव्हाच बोलू शकली असतीस. चार शब्द पुरे होते. तू ट्रे खाली ठेवलास, कप एकेकाच्या हातात दिलेस, माझाही दिलास. मला त्या वेळी वाटलं, बरं झालं, निभावलं. शोभा, मला हेच वाटलं होतं. तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही मी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. कर्जतला 'इकडचं तिकडचं बोललो' असं तुला लिहिलं होतं. ते असं होतं. मालनबाई म्हणाल्या, "तुमच्या मालकिनीचा हात लागला म्हनं दोऱ्याला. तिला इटाळ हुता का? इटाळाचा हात लागला की कोंबसुद्दा जळतो." माझी थट्टा तिथपर्यंत जाईतो असं रूप घेऊन बसली होती. मी एम्.एस्सी. झालेला माणूस, पूर्वी शिकवत असताना वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर भाषण दिलेला माणूस. मी बशीतला चहा फुंकत राहिलो. नाही म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, मग कशानं गेली गाय? त्या प्रश्नाला मी घाबरलो. मी नाही म्हणालो नाही. उलट मान हलली माझी. ती हो म्हणून हलली की नुसतीच, हे मला आजही धड सांगता येत नाही, पण त्यांनी ती हो म्हणून घेतली. बाबांपर्यंत पारनेरला पोचलं ते हे. तुझ्या आत्याबाईंनी तुला त्यानंतर देवघरात जाऊ दिलं का, हे विचारायचं धैर्य मला नाही.

चांगुणाकडून परतल्यावर पहिल्यांदा आप्पासाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते रागावतील, दोऱ्याचं काम बंद करतील, याची तयारी होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाय गेली त्ये येक. पर मी तुमच्या घरात बसून, तुमच्याच मंडळींच्या हातचा चहा पित हसलो वो! ती पोरगी समोर उबी हुती. आता मी माजं त्वांड कुटं लपवू?" त्यांना माझ्या दोऱ्याहून स्वतःच्या त्या हसण्याची जास्त लाज वाटली. काम बंद केलेलं नाही. म्हणाले, "आदी मोजाया शिका, मंग दोरा काडा." मालनबाईंना गाय ते घेऊन देणार आहेत. मी माझ्याकडून देतो म्हणालो तर म्हणाले, तुमचं देनं येगळं हाय.

यज्ञेश्वरला कळवलं. तो फोनवर म्हणाला, "मी त्या गाईपायी रोज माझे हात बघत होतो रे." त्याचं मला माफ करून झालेलं नाही, होईल असंही नाही.

मग कर्जतला गेलो. मालनबाई अंगणात शेजारणीबरोबर, झुंबरबाईंबरोबर, तूर निवडत बसल्या होत्या. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं, की दोरा माझ्या चुकीने तुटला, माझ्या बायकोचा त्यात काही संबंध नाही, आणि विटाळाचं मी त्या दिवशी ऐकून घेतलं ते भेकडपणाने. वाटलं, त्या शिव्या देतील. त्यांच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाल्या, "आवं पर तुमी तर मान डोलावली हुती!"

मी म्हणालो, हो.

"मंग माजं काय? मी माज्या सुनंला बी त्येच बोलले की! गाईला शेवटचं पानी लंकीनं पाजलं हुतं. म्या म्हनलं, शिकल्यासवरल्या मानसाच्या घरात इटाळानं जळतंय, मंग हिच्या हातानं का न्हाई जळनार? तवापासनं ती गोठ्यात पाय ठेवीना. तिकडंच चुलीपाशी बसून आसती."

झुंबरबाई खाली बघायला लागल्या. मालनबाई उठल्या, घराच्या दाराकडे गेल्या आणि हाक मारली, "लंके, ये गं, हिकडं ये." लंकाबाई आली. विशीची असेल. पदर ओठात धरून दाराच्या चौकटीशी उभी राहिली. मालनबाईंनी दाराशी पडलेली बादली तिच्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "वासराला पानी दाखव जा." तिने सासूकडे बघितलं, मग बादली उचलून गोठ्याकडे गेली. आणि मी तिथे उभा होतो, माझ्या एका मान हलवण्याने एका मुलीला मी कुठे बसवून ठेवलं होतं ते बघत. शोभा, मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. गाईची वाटली, चांगुणाची वाटली, पण ती बादली उचलणारी मुलगी डोळ्यांसमोरून जात नाही. आणि तिच्या जागी मला पारनेरच्या घरात तू दिसतेस.

तेव्हापासून रोज बरण्या मांडतो आहे. अर्धंअर्धं नाही, चार भाग एक, एक भाग दुसरं, असं. रोज काढून मोजतो, रोज लिहितो. मधला दोरा मिळेल की नाही ठाऊक नाही. मिळाला तरी तो घरी आणून मिरवणार नाही. तुझं विरजण मात्र परवा गेलं. तू नसताना मी किती दिवस ते तगवणार होतो. रतनबाई म्हणाल्या, माज्याकडचं देते. मी नको म्हणालो.

आता मागणं. मागच्या पत्रात लिहिलं होतं, हे तुझ्यापुरतंच ठेव. हे पत्र तसं ठेवू नकोस. ओसरीवर संध्याकाळी बाबा बसतात, शेजारचे चारजण येऊन टेकतात, आत्याबाई जपमाळ घेऊन असतात. सगळे जमले की बाबांच्या हातात दे. त्यांना म्हण, शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. त्यांना दमा आहे, थांबत थांबत वाचू देत.

आणि रविवारी मी पारनेरला येतो. तुला न्यायला नाही. यायचं की नाही ते तू ठरव, कितीही दिवसांनी ठरव, आणि नाही ठरवलंस तरी मी कोणाला काही बोलणार नाही. मी ओसरीवर उभा राहणार आहे आणि पत्रात लिहिलं आहे ते तोंडाने सांगणार आहे, आत्याबाईंना नाव घेऊन सांगणार आहे. तू बाहेर आली नाहीस तरी चालेल, स्वयंपाकघरातच थांब. मी मोठ्याने बोलेन, आतपर्यंत ऐकू येईल. थट्टा केली तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलंच होतं.

या वेळी आशीर्वाद नाहीत.

तुला माझा नमस्कार,
शामकांत